व्याख्येचे लाघव आणि व्याख्येचे सत्य

कोणतेही नवे शास्त्र एखाद्या भाषेत प्रवेश करते ते शब्दांच्या रूपाने, आणि तेथे स्थिर होते ते व्याख्यांच्या योगाने. ह्या दोन गोष्टींपैकी पहिलीकडे आपण मराठी लोकांनी भरपूर लक्ष पुरविले आहे. दुसरीची मात्र आपल्या हातून बरीच उपेक्षा झाली आहे. संगणकशास्त्राच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. ‘कॉम्प्युटर’ला ‘संगणक’ म्हणावे, ‘कीबोर्ड’ला ‘कळफलक’ म्हणावे, ‘डेटा’ला ‘विदा’ म्हणावे की ‘माहिती’ हाच शब्द पुरेसा मानावा, ह्यांविषयी आपण पुष्कळ शाई खर्च केली. परंतु संगणक म्हणजे नेमके काय, हे एका वाक्यात आणि तरीही खरे असे सांगावयाचे झाल्यास कसे सांगावे, ह्याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. शालेय पुस्तके, तालुक्याच्या गावोगावी चालणाऱ्या संगणकवर्गांच्या पुस्तिका आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाचल्या जाणाऱ्या मार्गदर्शिका ह्यांतून ज्या व्याख्या आढळतात, त्यांचे थोडे परीक्षण करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम पर्याय आणि व्याख्या ह्यांतील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून सुमारे १६७७ मध्ये रघुनाथपंतांनी सिद्ध केलेला राज्यव्यवहारकोश हा पर्यायांचा कोश आहे. यावनी शब्दाला संस्कृत शब्द, एवढेच त्याचे कार्य, आणि ते त्याने उत्तम रीतीने केले. दाते व कर्वे ह्यांचा १९४८ चा शास्त्रीय परिभाषा कोश, भाषा संचालनालयाने १९६० नंतर तयार करविलेले विविध विषयांचे परिभाषाकोश, आणि मराठी विश्वकोशाने आपल्या पहिल्या खंडाच्याही आधी, १९७३ मध्ये, प्रसिद्ध केलेला परिभाषासंग्रह, ही सर्व मालिका मुख्यतः त्याच जातीची आहे. ह्या परिश्रमांचे ऋण कोणीही सुज्ञ नाकारणार नाही. परंतु पर्याय म्हणजे ओळख नव्हे. ‘अमुक शब्दाला मराठीत तमुक म्हणतात’ ह्या ज्ञानाने वाचकाच्या हाती एक नवे नाव येते, वस्तू येत नाही. ‘विदागार म्हणजे विदेचे आगार’ असे सांगणारा लेखक व्याख्या करीत नसून समासाचा विग्रह करीत आहे. आणि ज्याला ‘विदा’ शब्दच ठाऊक नाही, त्याची स्थिती ह्या विग्रहानंतर पूर्वीइतकीच राहते.

व्याख्येचे गुणदोष पारखण्याची कसोटी आपणास इंग्रजी ग्रंथांतून उसनी आणावयास नको. आपल्या नैयायिकांनी ती केव्हाच घडवून ठेविली आहे. तर्कसंग्रह शिकलेल्या जुन्या पाठशाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याला लक्षणाचे तीन दोष तोंडपाठ असत: लक्ष्याबाहेरील वस्तूंनाही लागू पडते ती अतिव्याप्ती, लक्ष्यातील काही भाग सुटतो ती अव्याप्ती, आणि लक्ष्यात कोठेच सापडत नाही तो असंभव. गाईचे उदाहरण प्रसिद्धच आहे. ‘जिला शिंगे आहेत ती गाय’ म्हटले तर म्हैसही गाय ठरते. ‘जी कपिलवर्णाची ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय गाय राहत नाही. आणि ‘जिला एकसंध खूर ती गाय’ म्हटले तर जगात गायच उरत नाही. ‘जिच्या गळ्याखाली पोळी लोंबते ती गाय’ हे लक्षण मात्र तिन्ही दोषांतून सुटते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे निर्दोष लक्षण सदोष लक्षणांहून लांब नाही. म्हणजे संक्षेप आणि यथार्थता ह्यांचे वैर स्वाभाविक आहे, अशी जी समजूत आहे ती खरी नव्हे. सदोष व्याख्या बहुधा आखूडपणामुळे सदोष होत नाही. लेखकाने भलतेच अंग पकडलेले असते, म्हणून ती सदोष होते.

आता ही कसोटी ‘संगणक’ ह्या शब्दालाच लावून पाहू. ‘वेगाने गणित करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र’ ही व्याख्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्वत्र आढळते. किराणा दुकानातील हिशेबाचा कॅल्क्युलेटरही वेगाने गणित करतो आणि तोही इलेक्ट्रॉनिकच आहे. त्याला आपण संगणक म्हणत नाही. ही झाली अतिव्याप्ती. उलट, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने ज्या विश्लेषक यंत्राचा आराखडा केला ते दातेरी चाकांचे होते, त्यात विजेचा संबंध नव्हता, आणि ते कधी पूर्ण झाले नाही. परंतु संगणकाची कल्पना तेथेच प्रथम पूर्णत्वाने प्रकट झाली, असे त्या शास्त्राचे इतिहासकार मानतात. ही झाली अव्याप्ती. शब्दाच्या व्युत्पत्तीने येथे लेखकाला फसविले आहे. ‘संगणक’ शब्दात गणना आहे, म्हणून गणना हेच त्याचे लक्षण, असे त्याने धरले. वस्तुतः संगणकाचे असाधारण लक्षण गणना हे नसून आज्ञापालन हे आहे. ‘दिलेल्या आज्ञांच्या क्रमाप्रमाणे माहितीवर क्रिया करणारे, आणि आज्ञा बदलताच त्याच रचनेने निराळे काम करणारे यंत्र’ एवढे म्हटले की कॅल्क्युलेटर बाहेर राहतो आणि बॅबेजचे यंत्र आत येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेला टिफ्रॅक निर्वात नलिकांवर चालत असे; आजचा खिशातील फोन सिलिकनच्या चिपेवर चालतो. ह्या व्याख्येला दोन्ही सारखेच मान्य आहेत. व्याख्येत दहा शब्दांची भर पडली हे खरे. परंतु त्या प्रत्येक शब्दाने आपली मजुरी चुकती केली आहे.

‘अल्गोरिदम’ ह्या शब्दाची कथा अशीच. हा शब्द नवव्या शतकातील गणिती अल्-ख्वारिझ्मी ह्याच्या नावावरून आला, आणि हिंदू अंकपद्धतीवरील त्याच्या ग्रंथामुळे तो युरोपात पसरला. म्हणजे त्याच्या पूर्वपीठिकेत आपलाही थोडा वाटा आहे. ‘प्रश्न सोडविण्याची पायरीपायरीची रीत’ ही त्याची प्रचलित व्याख्या, आणि तिच्या पाठोपाठ स्वयंपाकाच्या कृतीचे उदाहरण ठरलेलेच. उदाहरण गोड आहे, पण घातक आहे. ‘चवीपुरते मीठ घालावे आणि खमंग वास सुटेपर्यंत परतावे’ ही पायरी सुगरणीस पुरते, यंत्रास पुरत नाही. डोनल्ड नूथ ह्या विद्वानाने १९६८ मध्ये आपल्या महाग्रंथाच्या पहिल्या खंडात अल्गोरिदमची जी पाच अंगे सांगितली, त्यांत प्रत्येक पायरी निःसंदिग्ध असणे आणि रीत कधीतरी संपणे ह्या दोहोंना महत्त्वाचे स्थान आहे. तेव्हा ‘मर्यादित पायऱ्यांत संपणारी, जिच्या कोणत्याही पायरीत अंदाजाला जागा नाही अशी रीत’ असे म्हणावयास हवे. येथेही वाक्य लांबले ते सात शब्दांनी. परंतु विद्यार्थ्याच्या मनातून मिठाची चिमूट गेली, आणि यंत्राशी बोलावयाचे म्हणजे काय, ह्याची पहिली खरी जाणीव त्याला झाली.

ह्याहून बोधप्रद प्रकरण ‘बाइट’चे आहे. ‘बिट’ हा शब्द क्लॉड शॅनन ह्याच्या १९४८ च्या निबंधाने रूढ झाला, आणि त्या निबंधात तो जॉन ट्यूकी ह्याच्या नावे दिला आहे. दोहोंपैकी एक, शून्य किंवा एक, एवढीच निवड जो सांगतो तो बिट. ही व्याख्या जितकी आखूड तितकीच अचूक आहे. ‘बाइट’ हा शब्द १९५६ मध्ये वेर्नर बुखहोल्ट्झ ह्याने योजिला. प्रारंभी त्यातील बिटांची संख्या निश्चित नव्हती, आज ती आठ मानली जाते. येथपर्यंत ठीक. परंतु बाइटांचे मोठे माप जे किलोबाइट, त्याच्या व्याख्येत दोन पंथ पडले. ‘किलो’ म्हणजे हजार, हे मेट्रिक पद्धतीत साऱ्या जगाला मान्य; पण यंत्राला दोनाचे घात सोयीचे, आणि दोनाचा दहावा घात १०२४ हा हजाराच्या इतका जवळ की, अभियंत्यांनी त्यालाच किलो म्हणण्यास प्रारंभ केला. हजारास चोवीस एवढा फरक कोणास बोचला नाही. पण मापे वाढली तसा फरकही वाढला; टेराबाइटापर्यंत येता येता तो दहा टक्क्यांच्या घरात गेला. आज बाजारातून एक टेराबाइटची तबकडी आणून संगणकास जोडणाऱ्या गृहस्थास पडद्यावर सुमारे ९३१ गिगाबाइट असा आकडा दिसतो, आणि दुकानदाराने आपणास फसविले असे त्यास वाटते. दुकानदाराने फसविलेले नाही; संक्षेपाने फसविले आहे.

आपल्या आजोबांच्या काळी हा प्रश्न धान्याच्या मापांत होताच. शेर गावोगावी निराळा असे, आणि व्यवहारी माणसाने त्यावर ‘कच्चा शेर’ व ‘पक्का शेर’ असा एका विशेषणाचा तोडगा काढला होता. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १९९८ मध्ये तेच केले: १०२४ च्या पटीतील मापांना ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ अशी निराळी उपपदे दिली. ती अद्याप लोकांच्या जिभेवर रुळली नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण त्यातून शिकावयाचा धडा स्पष्ट आहे. यथार्थतेसाठी नेहमी परिच्छेद खर्चावा लागतो असे नाही. कित्येकदा योग्य जागी एक विशेषण पुरते. मराठी पाठ्यपुस्तककाराने ‘येथे किलो म्हणजे १०२४’ एवढे चार शब्द लिहिले तर त्याच्या पुस्तकाची जाडी वाढणार नाही.

परंतु बाइटच्या व्याख्येतील खरा अपराध पुढेच आहे. ‘एक अक्षर साठविण्यास लागणारी जागा म्हणजे एक बाइट’ ही व्याख्या मराठी पुस्तिकांतून दिली जाते. इंग्रजी पुस्तकांत ती ज्या वाक्यावरून आली, ते वाक्य इंग्रजी लिपीपुरते खरे होते. आमच्या भाषांतरकाराने ‘लेटर’ काढून ‘अक्षर’ घातले, आणि त्या क्षणी ते असत्य झाले. उदाहरणासाठी परांडा तालुक्यातील, काळभैरवनाथाच्या क्षेत्रामुळे प्रसिद्ध असलेल्या सोनारी ह्या गावाचे नाव घेऊ. रोमन लिपीत ह्या नावास सहा अक्षरे लागतात, आणि ती सहा बाइटांत मावतात. देवनागरीत त्याच नावाची अक्षरे तीन: सो, ना, री. वरील व्याख्येप्रमाणे तीन बाइट पुरावेत. वस्तुस्थिती अशी की, युनिकोडमध्ये स, ओकाराची मात्रा, न, काना, र आणि दीर्घ वेलांटी ही सहा निरनिराळी चिन्हे मानली जातात. आणि आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ ह्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे ‘सोनारी’ हे नाव अठरा बाइट व्यापते. ‘क्षि’ हे एकच अक्षर घ्या: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी मिळून चार चिन्हे, आणि बाइट बारा. १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरलेल्या इस्की पद्धतीत निदान सुटा ‘क’ एका बाइटात बसत असे. आजच्या पद्धतीत देवनागरीचे एकही अक्षर एका बाइटात बसत नाही. नैयायिकांच्या भाषेत हा अतिव्याप्ती-अव्याप्तीचा किरकोळ दोष नव्हे; हा असंभव आहे. आमच्या मुलांना आम्ही एकसंध खुराची गाय शिकवीत आहो.

ह्यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. लावून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ह्याच व्याख्येवर वाढलेला विद्यार्थी पुढे एखाद्या कचेरीसाठी किंवा बँकेसाठी आज्ञावली लिहावयास बसतो. नावाच्या रकान्यास वीस अक्षरे पुरेत असे त्याला सांगितलेले असते, आणि अक्षर म्हणजे बाइट हे त्याने पाठ केलेले असते. म्हणून तो वीस बाइटांची मर्यादा घालतो. त्या रकान्यात ‘ज्ञानेश्वर’ हे नाव लिहू पाहा. वाचणाऱ्याच्या हिशेबी ह्या नावाची अक्षरे चार. यंत्राच्या हिशेबी चिन्हे दहा आणि बाइट तीस. रकान्यात शिरते ते ‘ज्ञाने’ एवढेच. ईश्वर बाहेर राहतो. भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशातही असाच पंक्तिप्रपंच आहे: रोमन लिपीच्या एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत लिहू लागताच तीच मर्यादा ७० चिन्हांवर येते, आणि त्यात प्रत्येक काना-मात्रा स्वतंत्र मोजली जाते. ज्याला ह्याचे कारण ठाऊक नाही, तो आपल्या लिपीलाच दोष देतो, आणि मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहू लागतो. एका आळशी व्याख्येची पोहोच कोठवर असते, ते ह्यावरून दिसून येईल.

तरीही दुसऱ्या टोकाचा दोष विसरून चालणार नाही. काही विद्वान लेखक अचूकपणाच्या धास्तीने व्याख्येत प्रत्येक अपवाद कोंबतात. बाइट सांगावयास बसले की सहा, सात आणि नऊ बिटांची जुनी यंत्रे, स्मृतीतील पत्ते, वेगवेगळ्या कंपन्यांच्या रीती, हे सर्व एकाच वाक्यात; आणि ते वाक्य तीन अर्धविराम व दोन कंस ओलांडून जेव्हा क्रियापदास पोहोचते, तेव्हा वाचक कर्ता विसरलेला असतो. असे वाक्य खोटे नसते. पण ज्याच्यासाठी लिहिले त्याला ते न कळल्यामुळे, त्याच्यापुरते ते खरेही ठरत नाही. शिवाय त्यावर चढविलेला अतिसंस्कृत शब्दांचा साज! ज्ञात शब्दाच्या साहाय्याने अज्ञात वस्तू सांगावी, हा व्याख्येचा मूलधर्म. येथे अज्ञाताच्या साहाय्याने अज्ञात सांगितले जाते. अशा ठिकाणी ‘फाइल’, ‘बाइट’, ‘पासवर्ड’ हे लोकांच्या तोंडी बसलेले शब्द तसेच ठेवून व्याख्या मात्र शुद्ध मराठीत करावी, हे अधिक श्रेयस्कर.

ह्या दोन टोकांमधील मार्ग आपल्या परंपरेने आखून ठेविला आहे. सूत्रकार अर्धी मात्रा वाचली तरी हर्ष मानीत, ही वैयाकरणांविषयीची उक्ती सर्वश्रुत आहे. परंतु सूत्र एकटे कधीच नसे. त्याच्या मागे वृत्ती, तिच्या मागे भाष्य, आणि राहिलेल्या शंकांसाठी वार्तिक अशी व्यवस्था असे. सूत्राला आखूड राहणे परवडत असे, कारण त्याचा भार वाहणारे दुसरे होते. आपण सूत्राचा आखूडपणा तेवढा घेतला, वृत्ती टाकून दिली, आणि एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते मुलांच्या हाती ठेविले. वास्तविक प्रत्येक पारिभाषिक शब्दास एक ओळ लक्षणाची, एक उदाहरणाची आणि एक मर्यादेची, अशा तीन ओळी पुरतात. पहिली पाठ करण्यासाठी, दुसरी समजण्यासाठी, आणि तिसरी, हे लक्षण कोठे लागू पडत नाही, हे सांगून पुढील अभ्यासाचे दार उघडे ठेवण्यासाठी.

भास्कराचार्यांच्या लीलावतीचा प्रारंभच परिभाषेने होतो, ही गोष्ट ह्या संदर्भात मननीय आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क: सारे नाणेशास्त्र एका श्लोकात आटोपले आहे, आणि त्यात संदिग्धतेस तिळमात्र जागा नाही. ह्या संक्षेपाचे रहस्य काय? त्याचा पाया कवडीवर आहे, आणि कवडी कोणास समजावून द्यावी लागत नव्हती. ती ज्याच्या त्याच्या कनवटीस होती. व्याख्या जेथे उभी राहते ती जमीन वाचकाच्या पायाखालची असावी, हा तो नियम. बाइटची इंग्रजी व्याख्या इंग्रज वाचकाच्या हातातील ‘लेटर’वर उभी होती, म्हणून ती तेथे चालली. आमच्या हातातील अक्षर निराळे आहे. त्याच्या पोटात स्वर, व्यंजन आणि मात्रा नांदतात. तेव्हा ती व्याख्या भाषांतरित करावयाची नसून येथल्या मातीत नव्याने रचावयाची होती. ‘आठ बिटांचा गट तो बाइट, रोमन लिपीचे एक अक्षर त्यात मावते, देवनागरीच्या अक्षरास मात्र असे तीन किंवा अधिक लागतात’ एवढे लिहिले असते तरी पुरे होते.

२०२१ पासून पुण्यात संगणक अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण मराठीतून देण्याचा उपक्रम सुरू झाला आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. पण अभिजातपणा हा मागील ग्रंथांवरून ठरतो. भाषेचे पुढील आयुष्य मात्र तिच्यात आज लिहिल्या जाणाऱ्या ग्रंथांवर अवलंबून असते. ते ग्रंथ लिहावयास बसणाऱ्यांनी पर्यायांचा वाद थोडा वेळ बाजूस ठेवावा, आणि आपली प्रत्येक व्याख्या एखाद्या मराठी गावाच्या नावावर, एखाद्या मराठी माणसाच्या नावावर लावून पाहावी. जी तेथे टिकेल ती आखूड असो वा लांब, मराठीची होईल. जी टिकणार नाही, ती कितीही सुटसुटीत असली तरी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरली जाण्याच्याच योग्यतेची समजावी.